सोडियम उतरलं की माणूस बरळतो कशाने?

प्रथमवर्ष_एमबीबीएस: चेतापेशीबाहेर सोडियम 142, आत 14 मिलिमोल प्रति लिटर. नर्न्स्टच्या सूत्राने (आत-बाहेरच्या प्रमाणावरून पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब काढणाऱ्या) +61 मिलिव्होल्ट येतात. बाहेरचं 115 वर उतरलं तरी +56. फरक जेमतेम 5 चा! मग म्हाताऱ्या माणसांचं 'सोडियम कमी झालं' की बरळणं, तोल जाणं, फिट, हे सगळं कशामुळे? आणि मीठच कमी असेल तर ते भराभर का भरत नाहीत?

पाण्याचा_हिशेब: गणित बरोबर, पण चोर दुसरीकडे आहे. पेशी शांत असतानाचे उणे 70 मिलिव्होल्ट मुख्यतः पोटॅशियमवर ठरतात. सोडियम 115 झालं म्हणून संदेश थांबत नाहीत. भानगड पाण्याची आहे.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी (त्यात विरघळलेल्या कणांची दाटी; जिकडे ती जास्त तिकडे पाणी ओढलं जातं) ढोबळमानाने सोडियमच्या दुप्पट, अधिक ग्लुकोजचे 5. म्हणजे 142 ला 289, आणि 115 ला 235. सोडियम झपाट्याने उतरलं तर पेशीच्या आत अजून जुनाच आकडा असतो, म्हणून पाणी आत ओढलं जातं. स्नायू थोडा फुगला तर कुणाला पत्ता लागत नाही. मेंदू मात्र कवटीत बंद. त्याच्याभोवतीचं सीएसएफ, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव, आधी मणक्याकडे सरकून जागा करून देतं, पण ते सगळं मिळून 150 मिलिच्या आसपास. ती सोय संपली की दाब चढतो: डोकेदुखी, उलटी, बरळणं, फिट.

रात्रपाळी_आयसीयू: भराभर न भरण्याचं कारण यातच आहे. फुगलेली मेंदूपेशी गप्प बसत नाही. काही तासांत पोटॅशियम, आणि दोनेक दिवसांत ग्लुटामेट, टॉरिन, मायो-इनोसिटॉल असे विरघळलेले छोटे रेणू बाहेर टाकून ती पुन्हा आकारात येते. म्हणून आठवडाभरात हळूहळू 118 झालेला माणूस कधीकधी गप्पा मारत बसलेला दिसतो. आता सोडियम एकदम चढवलं तर टाकलेला माल परत जमवायला पेशीला वेळ मिळत नाही, ती आकसते आणि पॉन्समधलं (मेंदूच्या देठाचा एक भाग) मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, खराब होतं. दगा असा की आधी रुग्ण सुधारतो. बोलणं-गिळणं बिघडतं ते 2 ते 6 दिवसांनी. म्हणून 24 तासांत सोडियमची वाढ 8 मिलिमोल प्रति लिटरच्या आत ठेवायची. दारू, कुपोषण, यकृताचा आजार किंवा पोटॅशियम कमी असेल तर जास्तच जपून.

फिट येत असेल तर मात्र वाट बघायची नाही. 3 टक्के सलाईन 100 ते 150 मिलि, 10 ते 20 मिनिटांत, गरजेप्रमाणे पुन्हा. सोडियम 4 ते 6 ने चढलं की बहुतेकदा पुरतं.

प्रथमवर्ष_एमबीबीएस: 3 टक्केच का? साधं नॉर्मल सलाईनही 154 चं आहे, म्हणजे 115 पेक्षा जास्तच.

पाण्याचा_हिशेब: जुलाब-उलट्यांनी पाणी आटलेल्या रुग्णाला तेच द्यायचं. एडीएच (मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारं संप्रेरक) नको तेवढं पाझरत असेल तर मात्र उलटं होतं. एका लिटर सलाईनमध्ये सोडियम 154 आणि क्लोराईड 154, मिळून 308 मिलिमोल कण. लघवीची दाटी लिटरला 616 असेल तर मूत्रपिंड ते सगळे अर्ध्या लिटरमध्ये बाहेर काढतं. उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहतं आणि सोडियम आणखी उतरतं. तिथे पाणी मोजून प्यायला देणं हाच पहिला उपाय.

रात्रपाळी_आयसीयू: पोटॅशियम दिलं तरी सोडियम चढतं, ते त्या 8 मध्येच धरायचं. आणि सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नका. आकडा रुग्णाचा नाही, बाटलीचा येतो.