ड्वार्फ फोर्ट्रेस : रंगरुटांच्या तालमीचा प्रयोग कसा मांडावा?

पूर्णाकाठ (परभणी) :
सर्वांना नमस्कार. बुटक्यांचा किल्ला वसवून चालवण्याच्या ड्वार्फ फोर्ट्रेस या संगणक खेळात माझ्या किल्ल्याचे तिसरे वर्ष चालू आहे आणि गॉब्लिनांच्या (खेळातल्या शत्रू टोळीच्या) मागच्या वेढ्यात माझी दहा जणांची तुकडी दरवाजातच कापली गेली. त्यांना मी वर्षभर अखंड सरावाच्या आदेशावर ठेवले होते, बॅरॅक आणि लोखंडी चिलखतही दिले होते. तरी बहुतेकांचे कुऱ्हाडीचे कौशल्य पहिल्या दोन पायऱ्यांपुढे सरकले नव्हते. एकाने प्रात्यक्षिक दाखवायचे आणि बाकीच्यांनी पाहत राहायचे, यातच त्यांचा बराच वेळ गेला, असे मला दिसले. आता आठ नवे स्थलांतरित भरती केले आहेत. चौघांची एक तुकडी आणि दोघादोघांच्या दोन तुकड्या करून तुलना करावी, असा विचार आहे. निष्कर्षावर विश्वास ठेवता यावा, यासाठी काय काळजी घ्यावी?

गोदातीर (नांदेड) :
आपला अंदाज मला योग्य वाटतो. प्रात्यक्षिकासाठी सगळ्यांना एका जागी जमावे लागते. सरावाच्या आदेशात एका वेळी हजर राहणाऱ्यांची किमान संख्या दहा ठेवली, की कोणी जेवायला गेलेला असतो, कोणी झोपलेला असतो आणि उरलेले ताटकळत उभे राहतात. शिवाय शिकवणे आणि शिकणे ही या खेळात स्वतंत्र कौशल्ये आहेत, आणि नवख्या रंगरुटांकडे ती जवळजवळ नसतातच. दोघेच असले की ते लवकर समोरासमोर लढू लागतात, आणि त्या लढतीत शस्त्र, ढाल, चिलखत व वार चुकवणे या सगळ्यांचा सराव एकदम होतो. माळेगावच्या यात्रेत फडावर उतरणारा पोरगा वस्तादाने दाखवलेला डाव नुसता पाहून तयार झालेला नसतो; तालमीत रोज जोडीदाराशी लढत केलेली असते, म्हणून तो टिकतो.

प्रयोगाविषयी मात्र एक आग्रह आहे. आठ वेगवेगळ्या व्यक्तींची तुलना करू नका, कारण त्यांची ताकद, चपळाई आणि स्वभाव मुळातच निराळे असतात. एकाच सेव्हच्या (जतन केलेल्या खेळाच्या) दोन प्रती करा. एकीत आठही जणांची एकच तुकडी ठेवा आणि दुसरीत त्याच आठ जणांच्या जोड्या लावा. खेळातले वर्ष १२ महिन्यांचे, प्रत्येकी २८ दिवसांचे, म्हणजे ३३६ दिवसांचे असते; ते दोन्हीकडे पूर्ण चालवा. कौशल्याच्या पहिल्या पायरीला अनुभवाचे ५०० गुण लागतात आणि पुढच्या प्रत्येक पायरीला १०० गुण जास्त, त्यामुळे १५व्या पायरीपर्यंत एकूण १८,००० होतात. सुरुवातीच्या पायऱ्या स्वस्त असल्याने महिन्याभराच्या निकालावरून घाईने काही ठरवू नये. नशिबाचा भागही असतो, म्हणून प्रत्येक प्रत दोनतीनदा चालवलेली बरी.

औसेकर (लातूर) :
जमिनीत लाकडी सराव-भाले बसवून, लेव्हरने ते वरखाली करून रंगरुटांना त्यात उभे करण्याची युक्ती आपल्या वाचनात आलीच असेल. जुन्या आवृत्त्यांत तिने ढाल आणि चिलखताचे कौशल्य झपाट्याने वाढत असे. तरीही ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तान्हे मूल कडेवर घेतलेली सैनिक आई त्या खोलीत शिरते आणि मूल भाल्यांखाली मरते. माझ्या किल्ल्यात हे घडले आणि त्या आईचे दुःख संपूर्ण तुकडीला भोवले.

बिंदुसरा (बीड) :
भरतीपूर्वीच्या कामाचाही विचार व्हावा. खाणकाम करणाऱ्याच्या हाती कुदळ असली, की लढाईत त्याचे खाणकामाचेच कौशल्य शस्त्राला लागू होते. आणि काही महिने हाताने पंप चालवलेल्या माणसाची ताकद व दम भरतीआधीच वाढलेला असतो. आपल्या आठ जणांत असे कोणी असल्यास त्यांची नोंद वेगळी ठेवावी.

पूर्णाकाठ (परभणी) :
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आठांपैकी दोघे खाणकामगार निघाले, म्हणून त्यांना वगळून सहा जणांवर दोन प्रती चालवीन. चिलखत, शस्त्र आणि जेवणाची सोय दोन्हीकडे सारखी राहील. भाल्यांची खोली बांधणार नाही. वर्ष पूर्ण होताच दोन्ही प्रतींतील प्रत्येकाच्या पायऱ्या इथेच लिहितो.