मदत हवी आहे: साळ नदीच्या मुखातून कयाकने समुद्रात गरवायला जायचंय

गरीदोरी:

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र, मडगावचे. डिसेंबरात पौर्णिमेला सुट्टी जुळतेय. त्या दिवशी मोबोरच्या बाजूने साळ नदीत उतरून मुखातून बाहेर पडायचं आणि बेतुलच्या खडकाळ टोकाच्या आसपास गळ टाकायचा, असा बेत आहे. दोन माणसांच्या दोन सिट-ऑन-टॉप (वरच्या उघड्या भागावर बसायच्या) कयाक भाड्याने मिळतायत. पोहता चौघांनाही येतं. दोघांना नदीत वल्हवायची सवय आहे, दोघे अगदी नवे. सकाळी ८ ला पाण्यात उतरून दुपारी १ पर्यंत परत यायचंय.

वेळ बरोबर आहे का? नांगर घ्यावा का आणि कसा बांधावा? सामान काय लागेल? बोटी भाड्याच्या असल्याने ताब्यात घेताना काय तपासायचं, तेही सांगा. दीड-दोन किलोची चोणक (बारामुंडी) किंवा तांबोशी (लाल स्नॅपर) मिळाली तरी खूप झालं.

साळकाठ:

गरीदोरी, बाकी सगळं नंतर, आधी तारीख बदला. या बेतातली सगळ्यात मोठी चूक तीच आहे.

आपल्याकडची जुनी रीत तुम्हाला ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे १५, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण भरती अकराच्या आसपास आणि त्याआधीची ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास. हा नुसता अंदाज झाला. नेमकी वेळ आणि उंची मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्यातूनच घ्या, मुंबईचा तक्ता इथे चालत नाही. नदीत जितकं आत जाल तितकी भरती मुखापेक्षा उशिरा येते, हेही धरा.

आता तुमचं वेळापत्रक यावर बसवून पाहा. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. पौर्णिमेला उधाण, म्हणजे चढ साधारण दोन मीटरचा. तुम्ही ८ ला उतरणार तेव्हा तिसरा-चौथा तास चालू असेल. दोन नवे गडी सोबत घेऊन सगळ्यात जोरदार पाण्याविरुद्ध मुखाकडे वल्हवायचं. दुपारी परत येताना पाणी फिरलेलं, ओहोटी बाहेर धावतेय, म्हणजे पुन्हा उलटंच.

त्यात वारा. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा शांत दिसतो. तोच वारा तुम्हाला नकळत बाहेर ढकलत असतो. साधारण अकरा-बारानंतर वायव्येकडून खारा वारा धरतो. मुखाशी बाहेर धावणारी ओहोटी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडले की लाटा उंच, आखूड आणि उभ्या होतात. साळीच्या मुखाशी रेतीचा उथळ पट्टा आहे, त्याच्यावर त्या फुटतात. मागून आलेली फुटती लाट कयाकला आडवी फिरवते आणि आडवी झालेली कयाक उलटते. नेमके दुपारी १ ला तुम्ही तिथे असाल.

पौर्णिमेनंतरची चतुर्थी घ्या. पाऊणपटीने भरती दुपारी तीनच्या आसपास, म्हणजे ओहोटीचा तळ सकाळी साडेआठ-नऊला. उजाडताच उतरा, ओसरतं पाणी हळूहळू मुखाकडे नेईल. तळाला पट्ट्यावर पाणी कमी असतं, तेव्हा काठावर पंधरा मिनिटं उभं राहून पाहा. लाटा गटागटाने येतात, दोन-तीन गट मोजा. मुखभर पांढरं फुटत असेल तर त्या दिवशी बाहेर जायचं नाही. बाहेर पडलात तर साडेनऊला परतीला लागा. तोवर भरती लागलेली असते, पट्ट्यावर पाणी चढतं आणि ओढ तुमच्याच दिशेने असते.

माझं मत विचाराल तर पहिली फेरी नदीतच करा. मोबोरहून असोळण्याच्या दिशेने खारफुटीच्या कडेकडेने जा. चोणक आणि तांबोशी तिथेही असतात.

नांगरवाला:

वरचा तारखेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी बोटीचं सांगतो.

ताब्यात घेताना पुढचं टोक उचला आणि कान लावा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर बूच उघडून रिकामं करा. मग बूच लावून पंधरा मिनिटं उथळ पाण्यात वजन देऊन ठेवा आणि पुन्हा ऐका. पोटात दहा लिटर पाणी शिरलं तरी कयाक बाजूला कलताच ते सगळं त्याच बाजूला धावतं, आणि मग ती सावरत नाही. बुचाचं रबर, झाकणाच्या कडा आणि खुर्चीच्या पट्ट्यांच्या स्क्रूची भोकं इथूनच बहुतेक गळती असते.

नांगर दीड किलोचा घडीचा, त्याला मीटरभर साखळी, मग ६ मिलिमीटरची ३० मीटर दोरी. चार मीटर पाण्यात निदान सोळा ते वीस मीटर दोरी सोडा. दोरी कमी सोडली की ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर घसटत येतो.

नांगराची दोरी कयाकच्या मधल्या कड्याला कधीही बांधू नका. धावत्या पाण्यात बोट आडवी होते, दोरी तिची एक कड खाली ओढते आणि काही सेकंदांत उलटते. दोरी पुढच्या किंवा मागच्या टोकापाशीच यायला हवी, ओढ जास्त असेल तर पुढच्याच. बसल्या जागेवरून टोकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून बाजूने दोन छोट्या कप्प्या लावून दोरीचं वेटोळं फिरवतात आणि त्यात एक कडी ठेवतात. नांगर बाजूला सोडायचा, दोरी कडीतून घ्यायची आणि कडी ओढून टोकाला न्यायची. नांगराच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला नारळाएवढा बोया बांधा. गडबड झाली तर सगळं सोडून द्यायचं, बोया तरंगत राहतो, नांगर नंतर घेता येतो. चाकू जॅकेटवरच हवा.

बेतुलला खडक आहेत, नांगर अडकणारच. त्यासाठी साखळी नांगराच्या बुडाशी, म्हणजे नखांकडच्या टोकाला बांधा आणि दांड्याच्या वरच्या कडीला फक्त एका प्लास्टिकच्या झिप टायने अडकवा. जोरात ओढलं की झिप टाय तुटतो आणि नांगर उलट्या बाजूने निघून येतो. मुखात मात्र नांगर टाकूच नका, कुटबणच्या ट्रॉलरांची वाट तीच आहे. ती ओलांडताना दोन्ही कयाक एकत्र आणि सरळ काटकोनात. ट्रॉलर गेला की नाक त्याच्या लाटांकडे वळवा.

उलटल्यावर चढायचा सराव आदल्या दिवशी नदीत करा, पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात. आधी वल्हं धरा. पलीकडची कड पकडून बोट सुलटी करा. एकाने एका कडेला लोंबकळून तोल धरायचा. दुसऱ्याने समोरच्या कडेवरून पाय मारत पोट आडवं टाकायचं, मग कूस बदलून बसायचं. नंतर पहिल्याने चढायचं. चौघांनाही हे दोनदा जमलं तरच समुद्र.

तांबोशी_प्रेमी:

सामान थोडक्यात. सात फुटी मध्यम-जड रॉड, ४००० आकाराचं स्पिनिंग रील, २० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे गरीपर्यंत दीड मीटर ४० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर (जाड दोरी). खडकावर आणि चोणकीच्या गालफडाच्या धारेवर ब्रेड लगेच कापली जाते, म्हणून लीडर. ड्रॅग (रीलचा ब्रेक) वजनकाट्याला लावून अडीच ते तीन किलोवर बसवा. त्याहून घट्ट केलात तर मासा कडेने ओढतो तेव्हा कयाकच कलते.

नदीत चार इंची बुडी मारणारं मिनो (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) सोडून ताशी चार-पाच किलोमीटरने वल्हवत राहा. जिवंत सुंगटं (कोळंबी) मिळाली तर उत्तमच. ती शेपटीकडून ओवा, डोक्यातला काळा ठिपका टाळून, म्हणजे बराच वेळ जिवंत राहतात.

एका कयाकवर दोघे गळ फेकणार असाल तर आधीच ठरवा: पुढच्याने पुढे, मागच्याने मागे, डोक्यावरून कधीच नाही. गरीचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका. फुटत्या लाटा ओलांडताना रॉड आडवे करून बांधून ठेवा.

आणखी एक, मनापासून सांगतोय. पाण्यात बोयांची रांग दिसली की ते कुणाचं तरी जाळं आहे. बोयांच्या मधून जाऊ नका. गरी जाळ्यात अडकली तर स्वतःची दोरी कापायची, जाळं नाही.

गरीदोरी:

मनापासून आभार. पौर्णिमा रद्द, चतुर्थी ठरली, तीही फक्त नदीत. लाइफ जॅकेट, शिट्टी, माणशी तीन लिटर पाणी आणि फोनला जलरोधक पिशवी घेतोय. परवानगीचं बंदर कप्तान खात्याकडे विचारून घेतो. शिंगाळा (कॅटफिश) किंवा पाकट (स्टिंग रे) गळाला लागली तर काय करायचं?

साळकाठ:

हात लावायचा नाही. दोरी कापा किंवा लांब पक्कडीने गरी सोडवा. शिंगाळ्याचे काटे पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असतात. केंड (फुगणारा विषारी मासा) आलं तर तेही परत पाण्यात, खायचं नाही. उथळ पाण्यात उतरताना पाय घासत चाला, म्हणजे रेतीत पडलेली पाकट आधीच सरकते.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने काट्यातलं विष निकामी होतं आणि कळ उतरते. म्हणून गरम पाण्याचा थर्मास बोटीत ठेवा. पाणी किती गरम आहे ते न दुखावलेल्या हाताने पाहा, दुखावलेला भाग बधिर असतो आणि भाजतो. काटा खोल रुतला असेल किंवा छाती-पोटात असेल तर उपसू नका, १०८ ला फोन करा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, तो चौघांच्याही फोनमध्ये आजच टाकून ठेवा.