शब्दचर्चा : कैवारी

गोदाकाठ :
योहानाच्या शुभवर्तमानात १४व्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की पिता 'तुम्हांला दुसरा कैवारी देईल'. हा कैवारी म्हणजे पवित्र आत्मा. मी नाशिकची, शरणपूरच्या चर्चमध्ये लहानपणापासून हे वचन कानावर पडत आलं. मागच्या पावसाळ्यात माझे यजमान गेले, तेव्हा घरी प्रार्थनेला येणारे बहुतेक जण हाच अध्याय काढत आणि 'कैवारी म्हणजे सांत्वन करणारा' असा अर्थ सांगत. मला तो अर्थ पटत नाही. 'कैवार घेणे' यात सांत्वन कुठे आहे? जाणकारांनी सांगावं.

पिंपळपार :
ताई, तुमची शंका रास्त आहे. मोल्सवर्थच्या कोशात कैवार म्हणजे एखाद्याचा पक्ष घेणं. 'सांत्वन' हा अर्थ बोलीतही नाही. 'तुला तिचा एवढा कैवार कशाला?' यात तर नाराजीच असते. आजी नातवाचा कैवार घेते तो त्यानं शेजारच्यांची काच फोडल्यावर. तो शहाण्यासारखा वागत असताना कैवाराची गरजच पडत नाही. म्हणजे या शब्दात भांडण गृहीत आहे, समोर कोणीतरी आहे आणि ज्याचा कैवार घेतला जातोय तो एकटा पडलाय.

टाकळीकर :
एक भर. आमच्या टाकळीला समर्थ रामदासांनी तप केलं, आणि त्यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध पदात हनुमानाला कैवारी म्हटलंय. 'दीनांचा कैवारी' हेही भजनांतून घरोघरी पोचलेलं. बायबल मराठीत आलं तेव्हा हा शब्द भक्तीच्या भाषेत आधीच मुरलेला होता.

अक्षरशोध :
मूळ ग्रीक शब्द 'पाराक्लेतोस'. 'पारा' म्हणजे जवळ, 'कालेओ' म्हणजे बोलावणं. हाक मारून जवळ बोलावलेला माणूस, विशेषतः न्यायासनापुढे आपल्या बाजूनं उभा राहणारा. नव्या करारात हा शब्द पाच वेळा येतो : चार वेळा योहानाच्या शुभवर्तमानात आणि एकदा योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१), तिथे तो येशूबद्दल आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरानं शुभवर्तमानात सांत्वन करणारा आणि पत्रात वकील असे दोन वेगळे शब्द योजले. आपल्या प्रचलित मराठी बायबलात पाचही ठिकाणी 'कैवारी'च आहे. 'दुसरा' कैवारी का म्हटलंय, तेही त्यामुळे मराठी वाचकाला चटकन उमगतं. पहिला येशू स्वतः.

सांत्वनाचा अर्थ मात्र अगदीच निराधार नाही. डोंगरावरच्या प्रवचनात शोक करणारे धन्य, कारण त्यांचं सांत्वन होईल, असं जे म्हटलंय तिथलं क्रियापद याच धातूचं आहे. ग्रीकमध्ये जवळ येऊन उभं राहणं आणि धीर देणं या दोन्हींना एकच शब्द पुरतो.

गोदाकाठ :
अक्षरशोध, फार आभार. हे वाचून एक सांगावंसं वाटतंय.

दफनविधीनंतर चार दिवसांनी सासरकडची दोन वडीलधारी माणसं समोरच्या खोलीत बसली होती. दुकानाच्या गाळ्याचे कागद कुठे आहेत, भाडं कोण घेणार, ही आता माहेरी जाणार का, असं आपसात चाललेलं. मी आत होते, सगळं ऐकू येत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. मंडळीतल्या एक मावशी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, पदराला हात पुसत बाहेर गेल्या आणि म्हणाल्या, "गाळा तिच्या नवऱ्याचा होता. काय विचारायचं ते तिला विचारा, आणि आज नाही." पुढे वारसदाखल्यासाठी आणि बँकेच्या कामासाठी कागदांची पिशवी घेऊन त्याच माझ्याबरोबर हिंडल्या. मला कधी 'रडू नको' म्हणाल्या नाहीत, वचनही ऐकवलं नाही.

त्या दिवशी रात्री मी तो अध्याय स्वतःहून उघडला. पुढेच १८वं वचन आहे, 'मी तुम्हांला अनाथ असे सोडणार नाही'. तोवर माझा विश्वास घराण्यातून आलेला होता, आजीचा, वडिलांचा. त्या रात्रीपासून तो माझा झाला, असं मी मनापासून सांगते.

अक्षरशोध :
ताई, हे सगळं बोलणं शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं आहे, अटकेच्या काही तास आधीचं. १६:७मध्ये तर तो म्हणतो की मी जातो हे तुमच्या हिताचं आहे, मी गेलो नाही तर कैवारी येणार नाही. कैवारी हा शब्दच निरोपाच्या बोलण्यातला आहे.

गोदाकाठ :
त्या 'हिताचं' शब्दापाशी मी अजून अडते. यजमान गेले ते माझ्या हिताचं झालं असं मी कधीच म्हणणार नाही, आणि ते वचनही तसं म्हणत नाही. तिथे येशू फक्त स्वतःच्या जाण्याबद्दल बोलतोय. प्रार्थनेला येणाऱ्यांनी ते वचन मागचापुढचा संदर्भ सोडून कुणाच्याही मृत्यूला लावू नये, एवढं कळकळीनं सांगते. मला या काळात जे मिळालं ते गेलेल्याची भरपाई म्हणून मिळालेलं नाही. ती जागा रिकामीच आहे.

टाकळीकर :
लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर त्या काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, पुढे १९००मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. १९१९मध्ये टिळक गेले तेव्हा ख्रिस्तचरित्रावरचं त्यांचं महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, त्यातला मोठा भाग त्यांच्याच हातचा आहे. १९३६मध्ये त्या नाशिकलाच वारल्या.

पिंपळपार :
मी वर नातवाचं उदाहरण दिलं, ते आता योहानाच्या पत्रातल्या वचनाशी ताडून पाहिलं. तिथे 'कोणी पाप केलं तर' आपला कैवारी आहे, अशीच रचना आहे. बोलीतल्या कैवाराला जी पक्षपाताची छटा आहे, तीच तिथे अर्थाला पोषक ठरते. 'साहाय्यक' किंवा 'सांत्वनकर्ता' म्हटलं की ती जाते. 'पाठीराखा' थोडा जवळ येतो, पण पाठीराखा मागे उभा असतो. मावशी बाहेरच्या खोलीत गेल्या, म्हणजे तुमच्या पुढे गेल्या. त्याला कैवारच म्हणायचं.