मदत हवी आहे: स्वादुपिंडाचा जुना आजार, चरबी पचते की नाही हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

माझ्या दादाला (वय ३९) क्रॉनिक पँक्रियाटायटिस आहे. दारू कधीच नव्हती. नलिकेतले खडे एन्डोस्कोपीने काढलेत, पोटदुखीही आटोक्यात आहे, पण वजन उतरतच चाललंय. वाढलेलं सगळं खातो, तरी अंगी लागत नाही. आई या काळजीने पार खचली आहे.

पूर्वी त्याला शौचाला तेलकट, चिकट व्हायची, भांड्याला चिकटून राहायची. तेव्हा डॉक्टरांनी तेल-तूप बंद करायला सांगितलं. तेव्हापासून मुगाची खिचडी, ताक, बिनतेलाची भाजी आणि फुलके एवढंच चालू आहे. तेलकटपणा गेला, वजन मात्र थांबलं नाही.

आता तपासण्या. फिकल इलास्टेज (स्वादुपिंडातून येणारं पाचक एन्झाइम, मलात मोजतात) १४८ आलं. २०० च्या वर ठीक, १०० च्या खाली एन्झाइम फारच कमी, असं रिपोर्टवरच छापलंय. मग १४८ चा अर्थ काय लावायचा? त्यातून नमुना दिला तेव्हा त्याला जुलाब होत होते. सुदान रंग घालून मलातली चरबी पाहिली, ती ‘आढळली नाही’. यावरून इथले डॉक्टर म्हणतात, पचन ठीक आहे, एन्झाइमच्या कॅप्सूलची गरज नाही.

मला हे पटत नाही. जेवणात चरबीच नसेल तर मलात ती दिसणार कुठून? कुणाला असा अनुभव असेल तर कृपया सांगा. तपासणी पुन्हा करायची तर कोणती, आणि त्याआधी दादाला काय खायला घालायचं?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका रास्त आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. मलातल्या चरबीच्या खऱ्या तपासणीत रुग्णाला पाच दिवस रोज १०० ग्रॅम चरबी देतात आणि शेवटच्या ७२ तासांचा सगळा मल गोळा करतात. दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी बाहेर पडली तर ती पचत नाही असं धरतात. हा ७ चा आकडा त्या १०० ग्रॅमच्या हिशोबानेच ठरलाय. खिचडी-ताकावर असलेल्या माणसाची चरबी मोजून काहीच सिद्ध होत नाही.

शंभर ग्रॅमचा अंदाज देते: चहाचे पाच चमचे तूप (२५), दोन मोठे चमचे तेल (२८), अर्धा लिटर फुल क्रीम दूध (३०) आणि मूठभर दाण्याचा कूट (१५). आपल्या घरच्या जेवणात हे सहज बसतं, पण बरेच दिवस बंद असलेलं तेल-तूप एकदम सुरू करू नका. दुखणं उठू शकतं. पोटविकारतज्ज्ञांना विचारूनच.

इलास्टेज पुन्हा करायचं तर मल घट्ट असताना द्या. पातळ मलात ते विरळ होऊन आकडा खोटाच कमी येतो. शिवाय बिघाड मध्यम असेल तेव्हा ही तपासणी फारशी भरवशाची नसते.

प्रतिसाद २

माझ्या मिस्टरांना हाच आजार आहे. आमच्या डॉक्टरांनी ७२ तासांच्या भानगडीत न पडता व्हिटॅमिन डी, ए, मॅग्नेशियम, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि हाडांची डेक्सा (घनतेची तपासणी) काढली. व्हिटॅमिन के शोषलं जात नसेल तर आयएनआर वाढतो. मग कॅप्सूल सुरू केल्या: मुख्य जेवणासोबत लायपेजचे (चरबी पचवणारं एन्झाइम) ४०,००० युनिट, मधल्या खाण्याला निम्मे. पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. वजन भरू लागलं तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पण करून घ्या, या आजारात मधुमेह मागाहून येतो.

धागाकर्ती

दोघींचेही मनापासून आभार. दादाच्या रोजच्या खाण्याची वही आजपासून लिहायला घेते आणि ती घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जाते. दोन गोष्टी अजून हव्या आहेत. कॅप्सूल सुरू असताना इलास्टेज पुन्हा करायचं तर त्या बंद कराव्या लागतात का? आणि सांगली-कोल्हापूरकडे ७२ तासांची तपासणी कुठली लॅब करते? आम्ही विचारलं तिथे नाहीच म्हणाले.

प्रतिसाद १

इलास्टेजसाठी बंद करायची गरज नाही. कॅप्सूलमधलं एन्झाइम डुकराचं असतं आणि मोनोक्लोनल पद्धतीची तपासणी फक्त माणसाचं इलास्टेज मोजते. आपली तपासणी त्याच पद्धतीची आहे ना, एवढं लॅबला विचारा. ७२ तासांच्या तपासणीत मात्र फरक पडतो: निदानासाठी कॅप्सूल थांबवतात, डोस पुरतोय का हे बघायचं असेल तर चालू ठेवतात. लॅबचं तिकडच्या कुणाला ठाऊक असेल तर इथे लिहा.