स्कॅन कोरा, थायरोग्लोब्युलिन मात्र वाढतंय

साताराकर: आई, वय 61. फॉलिक्युलर थायरॉइड कॅन्सर, थायरॉइड पूर्ण काढलंय. फुप्फुसांत बारीक गाठी, कमरेच्या मणक्यात एक. रेडिओआयोडीनचे (थायरॉइडच्या पेशी शोषून घेतात ते किरणोत्सारी आयोडीन) 150 मिलिक्युरीचे दोन डोस झाले. दुसऱ्यानंतरच्या स्कॅनमध्ये काहीच उमटलं नाही, पण थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, उरलेल्या कॅन्सरची रक्तातली खूण) 40 वरून 95 वर गेलं. तिसरा डोस घ्यावा, की लेन्व्हॅटिनिब (कॅन्सरची वाढ रोखणारं तोंडाने घ्यायचं औषध) लगेच सुरू करावं?

आयसोटोप: गाठी गेल्या असं समजू नका, बहुधा त्या आता आयोडीन घेत नाहीत. आधी तयारी नीट झाली होती का ते पाहा. डोसच्या वेळी टीएसएच (थायरॉइडच्या पेशींना चालना देणारं संप्रेरक) 30 च्या वर होता का? आधीच्या दोन महिन्यांत कॉन्ट्रास्टचा (शिरेतून आयोडीनयुक्त औषध देऊन केलेला) सीटी झाला होता का? त्यातल्या आयोडीनने शरीर भरलेलं असेल, तर चांगला स्कॅनही कोरा येतो. आयोडिनयुक्त मीठ, मासळी, दूध, अंडी एक-दोन आठवडे बंद होती ना? हे सगळं ठीक असेल, तर तिसऱ्या डोसचा उपयोग कमीच, लाळग्रंथी आणि अस्थिमज्जेला त्रास मात्र नक्की.

आणि 40 व 95 एकाच लॅबचे, टीएसएच सारखाच असतानाचे आहेत का? थायरॉक्सिनची गोळी (काढलेल्या थायरॉइडच्या जागी घ्यायचं संप्रेरक) बंद असताना टीएसएच चढतो आणि हा आकडा वाढतोच. थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटीबॉडीही सोबत तपासा, त्या असतील तर आकड्यावर विसंबता येत नाही.

परळ_ओपीडी: पुढची पायरी एफडीजी पेट-सीटी (आयोडीन न घेणाऱ्या गाठी साखरेसारख्या किरणोत्सारी द्रव्याने दाखवणारा स्कॅन). गाठी लहान, हळू वाढणाऱ्या आणि त्रास नसलेल्या असतील तर थायरॉक्सिनने टीएसएच 0.1 खाली ठेवून दर 3–6 महिन्यांनी सीटी करत थांबणं हाच योग्य उपचार. ऑपरेशनच्या वेळी जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर (ब्लॉक) आरईटी, एनटीआरके, बीरॅफ या जनुकांतले बदल तपासून ठेवा, त्यांच्यावर नेमकी औषधं आहेत.

मणक्यातल्या गाठीसाठी मात्र थांबू नका. एमआरआय करा, गरजेप्रमाणे रेडिएशन. झोलेड्रॉनिक ॲसिडआधी (हाडं जपणारं इंजेक्शन) दातांची तपासणी आणि रक्तातलं कॅल्शियम. ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइड (थायरॉइडमागच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी) दुखावलेल्या असतील तर कॅल्शियम झपाट्याने उतरतं. पायांत जोर कमी वाटला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या.

औषधवाला: लेन्व्हॅटिनिब सुरू झालंच, तर नेहमीचा डोस रोज 24 मिग्रॅ: 10 च्या दोन, 4 ची एक कॅप्सूल. बीपी आधी आटोक्यात हवं. पहिले दोन महिने घरी रोज मोजून लिहून ठेवा. लघवीतली प्रथिनं तपासत राहा, 24 तासांत 2 ग्रॅम किंवा जास्त गेली तर औषध थांबवतात. जुलाब, वजन घटणं बरंच दिसतं. अंगावर काढू नका, डोस कमी करता येतो. टीएसएच दर महिन्याला पाहा, या औषधावर तो चढतो आणि थायरॉक्सिन वाढवावं लागतं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, कॅल्शियम चार तासांनी.