फ्रान्स आणि स्पेनमध्ये शाकाहारी ज्येष्ठांना घेऊन कोठे जेवावे?

सदाफुली

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे पॅरिस, नीस, बार्सिलोना, ग्रानादा आणि सेव्हिल असा पंधरा दिवसांचा प्रवास करणार आहोत. सासूबाई अंडेही खात नाहीत, सासऱ्यांना अंडे चालते आणि आम्हा दोघांना सर्वच चालते. सहल कंपनीबरोबर जायचे नाही असे ठरल्यामुळे रोजच्या जेवणाची जबाबदारी माझ्यावर आली आहे. खाकरे आणि मेतकूट सोबत असेलच, परंतु एवढ्या दूर जाऊन दोन्ही वेळा खोलीत बसून तेच खायचे, हे खुद्द सासूबाईंनाच मान्य नाही. तेथील लोक रोज जे खातात त्यातले आपल्याला चालण्यासारखे काय आहे आणि ते कोठे चांगले मिळते, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे. भारतीय उपाहारगृहांची यादी मात्र नको आहे.

ल्योंकर

गेली अकरा वर्षे मी ल्यों येथे राहतो. तुमच्या मार्गात ल्यों नाही हे सासूबाईंच्या दृष्टीने बरेच झाले, कारण येथील 'बूशों' नावाच्या जुन्या खाणावळींत आतडी, काळीज आणि डुकराचे मांस यांचाच मान मोठा असतो. नीसची गोष्ट वेगळी आहे. तेथे 'सोका' नावाचा पदार्थ मिळतो. चण्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ एवढेच घालून सैलसर भिजवलेले पीठ भल्या मोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड भुरभुरून गरमागरम देतात. बेसनाच्या धिरड्याशी त्याचे नाते पहिल्या घासालाच कळते. फक्त कडा किंचित करपलेल्या आणि मध्यभाग मऊ, अशी ती भाजणी घरच्या तव्यावर साधत नाही. बंदराजवळचे 'शे पिपो' १९२३ पासून सोका करत आहे. तेथे रांग असते, तरी उभे राहावे. त्याच गावातल्या 'पिसालादिएर' ह्या कांद्याच्या चपट्या पावावर मात्र अँचोव्ही ही खारवलेली मासळी असते, तेव्हा वरवर कांदाच दिसतो म्हणून तो मागवू नये.

पॅरिसमध्ये मोंपार्नास स्थानकाजवळ ब्रिटनी प्रांताच्या पद्धतीच्या 'क्रेपरी', म्हणजे पातळ धिरड्यांसारखे पदार्थ देणाऱ्या खाणावळी, ओळीने आहेत, कारण ब्रिटनीहून येणाऱ्या गाड्या त्याच स्थानकात थांबतात आणि तिकडून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांनी त्याच भागात बस्तान मांडले. तेथील खारी 'गालेत' कुट्टूच्या पिठाची असते आणि आत चीज, अळंबी, पालक असे सारण निवडता येते. काही ठिकाणी त्या पिठात अंडे घालतात आणि काही ठिकाणी घालत नाहीत, म्हणून सासूबाईंसाठी विचारूनच घ्यावे. गोड 'क्रेप'मध्ये ते बहुधा असतेच. तुम्हा दोघांना जुन्या पॅरिसची खाणावळ पाहायची असेल, तर १८९६ साली सुरू झालेल्या 'बुईयाँ शार्तिए' येथे जावे. तेथे वाढपी टेबलावरच्या कागदावरच हिशेब मांडतो.

पोहोचण्याची वेळ मात्र चुकवू नका. दुपारचे जेवण बारा ते दोन आणि रात्रीचे सात-साडेसातनंतर. मधल्या काळात बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात. तसेच 'युन काराफ दो' असे म्हटल्यास नळाचे पाणी विनामूल्य मिळते. नुसते पाणी मागितले तर बाटली येते आणि तिचे पैसे द्यावे लागतात.

वाटसरू

पॅरिसमधल्या कांद्याच्या सुपाबद्दल मी सावध करू इच्छितो. तेथील एका खाणावळीत माझ्या पत्नीने 'यात मांस नाही ना' असे दोनदा विचारून ते घेतले आणि अर्धे संपल्यावर कळले की ते गोमांसाच्या अर्कात शिजवलेले होते. वाढप्याच्या दृष्टीने त्याने खोटे सांगितले नव्हते, कारण वाटीत मांसाचा तुकडा नव्हता.

स्पेनमध्ये ही अडचण अधिक मोठी आहे. तेथे 'कार्ने', म्हणजे मांस, ह्या शब्दात डुकराचे 'खामोन' आणि ट्यूना मासा अनेकांच्या मते येतच नाहीत, त्यामुळे 'एन्सालादा मिक्स्ता' ह्या साध्या कोशिंबिरीवरही ट्यूना येऊन बसतो. म्हणून 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन अतून' (मांस, खामोन, मासे, ट्यूना नको) आणि सासूबाईंसाठी पुढे 'सिन उएवो' (अंडे नको) असे सर्व स्पॅनिशमध्ये कार्डावर लिहून न्यावे.

एवढी काळजी घेतल्यावर आंदालुसियात, म्हणजे सेव्हिल आणि ग्रानादा ज्या दक्षिणेकडील प्रांतात आहेत तेथे, तुमची चंगळ आहे. सेव्हिलमध्ये १६७० पासून चालत असलेले 'एल रिंकोन्सियो' आहे, जेथे लाकडी फळीवर खडूने बिल लिहितात. तेथे 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागवावे. पालक आणि छोले, त्यात लसूण, जिरे आणि तळलेल्या पावाचे वाटण; जिऱ्याचा तो वास आला की परदेशात बसल्याचा विसर पडतो. ग्रानादा आणि कोर्दोबाकडे तळलेल्या वांग्याच्या कापांवर 'मिएल दे कान्या' ओतून देतात. शब्दशः हा उसाचा मध, परंतु चवीला आणि रूपाला ती आपली काकवीच आहे. ग्रानादात प्रत्येक पेयाबरोबर एक 'तापा', म्हणजे छोटी बशीभर खाणे, फुकट देण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि त्यासाठी बिअरच घ्यावी असे नाही; द्राक्षाचा रस, म्हणजे 'मोस्तो', घेतला तरी चालतो. तापा कोणता द्यायचा हे बहुतेकदा स्वयंपाकघर ठरवते, तेव्हा पेय सांगतानाच कार्ड दाखवावे.

बार्सिलोनात दुपारी 'मेनू देल दिया' घ्यावे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी ठरावीक दरात दोन पदार्थ, पाव आणि गोड किंवा कॉफी मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी पेयही त्यातच धरलेले असते. दुसरा पदार्थ जवळजवळ नेहमीच मांस किंवा मासे असल्यामुळे 'दोस प्रिमेरोस', म्हणजे पहिल्या यादीतलेच दोन पदार्थ, मिळतील का असे विचारावे. सहसा नाही म्हणत नाहीत. त्या यादीत 'एस्कालिवादा' असेल तर घ्यावी. वांगी आणि ढोबळी मिरची भाजून, सोलून, वर ऑलिव्ह तेल घातलेला हा प्रकार भरताच्या जवळचा आहे. कधीकधी त्यावर अँचोव्ही असते, एवढे पाहून घ्यावे. सासऱ्यांसाठी बटाटा-अंड्याची 'तोर्तिया' कोठेही मिळेल.

पारिजात

भारतीय उपाहारगृहे नकोत हा तुमचा आग्रह मला तितकासा पटत नाही. माझ्या आईने पाचव्या दिवशी पाव पाहून तोंड फिरवले होते. पॅरिसमध्ये गार द्यु नोर स्थानकामागचा ला शापेल हा भाग श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांचा आहे आणि तेथे इडली, डोसा व भाताची थाळी माफक दरात मिळते. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीस येथील मंदिराच्या गणपतीची मिरवणूक निघते आणि भर रस्त्यावर नारळांच्या राशी फोडल्या जातात. तारखा जुळल्या तर सासूबाईंना अवश्य न्या.

सदाफुली

सर्वांचे मनापासून आभार. पारिजात, तुमचे म्हणणे मान्य केले आहे आणि पॅरिसमधील शेवटचे जेवण ला शापेलला ठरवले आहे. वाटसरू, कार्डाचा मजकूर मी दोन्ही भाषांत तयार करून येथे टाकीन, तो आपण आणि ल्योंकर यांनी तपासून द्यावा. सासरे मूळचे कोल्हापूरचे असल्यामुळे वांग्यावर काकवी हे वाचल्यापासून त्यांचा ग्रानादातला मुक्काम एका दिवसाने वाढवण्याचा आग्रह चालू आहे, आणि त्यासाठी कोणता दिवस कापायचा यावर घरात अजून एकमत झालेले नाही.