व्हाइटटेल हरणासाठी तांब्याची गोळी की शिशाची? नेम खांद्यामागे की खांद्यावर?

रानवाट
अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी हा धागा. (भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, तो वाद इथे नको.)

माझं मत स्पष्ट आहे: .३०८ मध्ये (रायफलच्या काडतुसाचं एक माप) शिशाची १५० ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं छोटं माप) वापरत असाल, तर तिच्या जागी पूर्ण तांब्याची १३० ग्रेनची घ्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. वजन उतरवलं की वेग वाढतो, आणि तांब्याची गोळी उमलायला (लागल्यावर तिचं टोक पसरायला) वेगच लागतो. शिशाच्या साध्या गोळीचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांब मांसात शिरतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि खिम्यातून थेट मुलांच्या ताटात येतात. रानात टाकलेली आतडी खाऊन काँडॉर गिधाडं शिशाच्या विषाने मरतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाला बंदी आहे, ती योग्यच.

नेम: हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर थांबा. तिथे दोन्ही फुप्फुसं मिळतात.

जुनी_तीसतीस
वेगाचं तुम्हीच म्हणालात, पण अडचण तिथेच आहे. .३०-३० (जुनं, कमी वेगाचं काडतूस) ची १५० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर साधारण १६०० फूट प्रति सेकंदावर येते. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना उमलायला १८०० च्या आसपास वेग लागतो. त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते, रक्त कमी सांडतं आणि हरीण हाती लागत नाही. अशा बंदुकीला मऊ टोकाची शिशाचीच गोळी बरी. कणांची भीती असेल तर शिसं आवरणाला घट्ट जोडलेली गोळी घ्या आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका.

शिवाय शेजाऱ्याची हद्द जवळ असेल तर मी खांद्यावरच मारा म्हणेन. फुप्फुसाला लागलेलं हरीण शंभर यार्ड सहज धावतं, खांद्याचं जागीच बसतं.

रानवाट
.३०-३० पुरतं मान्य, तरी कमी वेगात उमलणाऱ्या तांब्याच्या गोळ्याही मिळतात. खोक्यावर किमान वेग वाचा. खांद्याचं मात्र अजिबात पटत नाही. दोन-तीन इंच वर गेलात की गोळी कण्याच्या वरच्या काट्यांना लागते. हरीण धाडकन पडतं, आपण निर्धास्त होतो आणि ते उठून पळतं. खांद्यामागे तेवढीच चूक झाली तरी गोळी फुप्फुसातच राहते. खांद्याचं मांस वाया जातं ते वेगळंच.

मागकाढ्या
दोघेही आडव्या हरणाबद्दलच बोलताय. तिरकं, तोंड पलीकडे असेल तर नेम पलीकडच्या पुढच्या पायावर धरा. गोळी बरगड्यांच्या मागून शिरेल. तोंड आपल्याकडे असेल तर थांबा. मचाणावरून मारताना गोळी कुठून बाहेर पडेल ते आधी ठरवा, नाहीतर एकच फुप्फुस फुटतं.

मारल्यावर रक्त बघा. गुलाबी, फेसाळ म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबा. काळपट लाल म्हणजे यकृत: तीन-चार तास. हिरवट, घाण वास म्हणजे कोठा: आठ ते बारा तास. घाई केलीत तर ते उठून मैलभर जातं.

जुनी_तीसतीस
कोठ्याच्या बाबतीत शंभर टक्के. आणि शिशावरून तांब्यावर जाणाऱ्यांनी नळी आधी नीट साफ करून १०० यार्डांवर नेम पुन्हा बसवावा. गोळी बदलली की मारा सरकतो.